पॉवर बीआय नको म्हणताय, मग घ्यायचं काय?

ह्या वेळी पत्रांचा विषय जवळपास एकच निघाला, पॉवर बीआयसारख्या भाड्याच्या बीआय टूलऐवजी (म्हणजे डेटाबेसमधले आकडे चार्ट करून डॅशबोर्डवर दाखवणाऱ्या टूलऐवजी) फुकटचं कुठलं घ्यायचं, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी एका तालुका दूध संघात कॉम्प्युटर विभाग बघतो, विभाग म्हणजे मी आणि एक ऑपरेटर. १३८ संकलन केंद्रं आहेत, सगळ्यांचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) रोज सकाळ-संध्याकाळ मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये येतं. मी त्यातून एक्सेल काढतो, पिव्होट लावतो आणि स्क्रीनशॉट काढून संचालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. चेअरमनसाहेब मध्यंतरी एका मोठ्या संघाला भेट देऊन आले, तिथं भिंतीवर टीव्ही आणि टीव्हीवर डॅशबोर्ड बघितला, झालं, आता आपल्याकडे पण पाहिजे. पॉवर बीआयचं माणशी भाडं ऐकल्यावर एमडी म्हणाले फुकटातलं बघा काहीतरी. मेटाबेस, सुपरसेट, रीडॅश, ग्राफाना अशी चार नावं शोधून काढली आणि व्हिडिओ बघून बघून डोकं भणाणलंय. दूध गोळा करायचे आठ रूट आणि त्यांचे आठ सुपरवायझर आहेत, प्रत्येकाला फक्त आपलाच रूट दिसला पाहिजे. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) जेमतेम येतं, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येत नाही. काय करू? — वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर: सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत, पायथॉन येत नाही आणि विभागात दोनच माणसं. त्यावरच माझं निम्मं उत्तर ठरलं. मेटाबेस लावा.

आता का ते सांगते. लोक काय करतात, चार टूल्सची वेबसाइट उघडतात, कुणाकडे किती प्रकारचे चार्ट आहेत ते मोजतात आणि ज्याच्याकडे जास्त ते भारी असं ठरवून मोकळे होतात. सुपरसेटकडे चाळीसच्या वर आहेत. पण तुमच्या चेअरमनना त्यातले किती लागणार? एक मोठा आकडा आजच्या लिटरचा, एक रेघ गेल्या वर्षीच्या ह्याच महिन्याशी तुलना करणारी, आणि एक यादी कुठल्या केंद्राचं दूध घसरलं त्याची. एवढ्यावर वर्ष निघतं हो. खरा प्रश्न असा की रविवारी पहाटे टीव्ही काळा पडला तर उठून बघणार कोण, आणि ते उत्तर तुम्ही असाल तर टूल असं पाहिजे जे तुम्हाला झेपेल.

मेटाबेस २०१५ मध्ये ओपन सोर्स झालं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, आणि ते जावावर चालतं. मशीनवर जावा टाकायचं, एक जार फाईल उतरवायची, चालू करायची आणि ब्राउझरमध्ये ३००० नंबरचा पोर्ट उघडायचा, दुपारच्या जेवणाआधी पहिला चार्ट दिसतो, अतिशयोक्ती नाही. टेबल निवडा, फिल्टर लावा, बेरीज करा, हे सगळं माउसने होतं, दोन टेबलं जोडणंसुद्धा. तुमचा ऑपरेटर आठवड्यात शिकेल. चार जीबी रॅमचं साधं मशीन तुमच्या कामाला पुरतं.

सुपरसेटचं घराणं मोठं आहे, एअरबीएनबीमध्ये २०१५ च्या एका हॅकेथॉनमध्ये मॅक्सिम बोशमाँ ह्यांनी सुरू केलं, आधी नाव पॅनोरामिक्स, मग कॅरावेल, मग सुपरसेट, आणि जानेवारी २०२१ मध्ये ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनचं पूर्ण प्रोजेक्ट झालं. टूल म्हणून मला ते जास्त आवडतं हे कबूल करते. पण ते नीट चालवायचं तर त्याचा स्वतःचा एक डेटाबेस, कॅशला (आकडे पटकन मिळावेत म्हणून तात्पुरते साठवायला) रेडिस, ईमेल रिपोर्ट पाठवायचे असतील तर मागच्या मागे कामं उरकणारं सेलरी नावाचं सॉफ्टवेअर आणि वर एक हेडलेस (स्क्रीनशिवाय चालणारा) ब्राउझर, शिवाय सेटिंगची जी फाईल असते ती पायथॉनमध्ये. विंडोजवर अधिकृतपणे चालतच नाही. डॉकर कंपोजवर (सगळे भाग तयार पेट्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, एकदम चालू करायची सोय) अर्ध्या तासात उभं राहतं आणि माणूस खूश होतो, पण त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की हे प्रॉडक्शनसाठी, म्हणजे रोजच्या खऱ्या वापरासाठी, नाही, ती ओळ कुणी वाचत नाही.

रीडॅशबद्दल शेवटच्या पत्रात लिहिलंय. ग्राफाना ह्या कामासाठी नाही, ते मुळात सर्व्हर आणि सेन्सरचे मिनिटामिनिटाचे आकडे बघायला बनलं. पण तुमच्या संघाचे बल्क कूलर असतील आणि त्यांना तापमानाचे सेन्सर असतील तर तिथं ग्राफानासारखं दुसरं काही नाही, दूध चार डिग्रीच्या वर चढायला लागलं की रात्री दोनला अलर्ट. मात्र एकाच मशीनवर दोन्ही टाकलीत तर एकाचा पोर्ट बदला, ग्राफाना पण ३००० वरच बसतं आणि मग नवीन माणूस दिवसभर शोधत बसतो की चालू का होत नाही.

आता तुमची खरी अडचण, आठ सुपरवायझर आणि आठ रूट. इथं मेटाबेस हात आखडता घेतं. कोणी कुठली ओळ बघायची हे ठरवायची सोय त्यांच्या फुकट आवृत्तीत नाही, पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे. सुपरसेटमध्ये हीच सोय फुकट आहे, रोल बनवायचा, त्या रोलला रूट नंबर चार अशी अट लावायची, संपलं. म्हणजे कागदावर सुपरसेट जिंकलं. तरी मी मेटाबेसच का म्हणते? कारण आठच रूट आहेत. मेटाबेसमध्ये आठ कलेक्शन (म्हणजे फोल्डर) करा, आठ ग्रुप करा, एक डॅशबोर्ड बनवून सात वेळा डुप्लिकेट करा, प्रत्येकात रूटचा फिल्टर चार्टच्या आतच पक्का करून टाका, वर बदलता येणारा फिल्टर ठेवू नका, आणि त्या ग्रुपांना स्वतः क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) बनवायचा हक्क देऊ नका, फक्त आपलं कलेक्शन बघायचा द्या. काम कंटाळवाणं आहे पण एका दिवसाचं आहे. उद्या संघ वाढून ऐंशी रूट झाले, किंवा प्रत्येक केंद्राच्या सचिवाला लॉगिन द्यायचं ठरलं तर मात्र ही पद्धत गळ्याशी येईल, तेव्हा एक पायथॉनवाला पोरगा घ्या आणि सुपरसेटवर जा. (तेव्हासुद्धा सुपरवायझरला एसक्यूएल लॅब, म्हणजे सुपरसेटमधलं स्वतः एसक्यूएल लिहायचं पान, उघडून देऊ नका, मागच्या दाराने सगळं दिसू शकतं.)

टूलचं झालं. पण तुमचं काम जिथं खरं अडणार आहे ते हे नाही, ते आकड्यांत अडणार आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फॅटची सरासरी. कुठलंही टूल तुम्हाला फॅट कॉलमवर 'ॲव्हरेज' लावून देईल आणि तो आकडा चुकीचा असेल. समजा एका केंद्राचं ५०० लिटर गायीचं दूध ३.५ फॅटचं आणि दुसऱ्याचं २० लिटर म्हशीचं ७.० फॅटचं. साधी सरासरी ५.२५ येते. खरी सरासरी लिटरने गुणून काढायची, १७५० अधिक १४०, भागिले ५२०, म्हणजे ३.६३. टीव्हीवर ५.२५ झळकलं की डेअरीतला जुना माणूस एका सेकंदात ओळखणार की हे कॉम्प्युटरवाल्याचं काम आहे, आणि त्यानंतर तुमच्या डॅशबोर्डवर कुणी विश्वास ठेवणार नाही. गाय-म्हैस तर वेगळीच ठेवा.

दुसरं, दहा दिवसांचं बिल. ही टूल्स परदेशात बनलेली, त्यांना दिवस, आठवडा, महिना, तिमाही कळतं, एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर हा आपला हिशोब त्यांच्या बापजन्मात नाही. आर्थिक वर्ष एप्रिलपासून, तेही नाही. म्हणून टूलमध्ये झटापट करू नका, मायएसक्यूएलमध्येच एक व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी, जी टेबलासारखी वापरता येते) बनवा, त्यात तारखेवरून बिलाचा टप्पा, आर्थिक वर्ष, लिटर गुणिले फॅट असे कॉलम आधीच काढून ठेवा आणि मेटाबेसला फक्त तो व्ह्यू दाखवा. रुपयाचे आकडे पण तिथंच लाखाने भागून घ्या आणि कॉलमला नाव द्या 'रक्कम लाखात', नाहीतर स्वल्पविराम मिलियनच्या हिशोबाने पडतात आणि संचालक मंडळ बोटं मोजत बसतं.

तिसरं, घड्याळ. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे पहाटे सव्वापाचला घातलेलं दूध सर्व्हरच्या लेखी आदल्या दिवशी पावणेबाराला रात्री पडतं. लवकर उघडणाऱ्या केंद्रांचं थोडं थोडं दूध रोज मागच्या तारखेत जातं आणि एकूण बेरीज महिन्याला बरोबरच येते, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. मेटाबेसच्या ॲडमिनमध्ये रिपोर्टचा टाइमझोन एशिया-कोलकाता करा, आणि डेटाबेसची वेळ कशी साठवलीय तेही एकदा तपासा, दोन्हीकडे साडेपाच तास मिळवले गेले तर आणखीनच मजा.

चौथं, चालू डेटाबेसला हात लावू नका. ज्या मायएसक्यूएलवर केंद्रांची एंट्री येते त्यावरच तीन वर्षांची बेरीज मागणारा चार्ट टीव्हीवर दर मिनिटाला रिफ्रेश होत राहिला तर सकाळच्या पाळीत एंट्री अडकते, आणि केंद्रावर कॅन घेऊन रांगेत उभा असलेला माणूस तुमच्या डॅशबोर्डला शिव्या घालतो. रेप्लिका (डेटाबेसची आपोआप ताजी राहणारी दुसरी प्रत) करता आली तर उत्तम. नाहीतर रात्री डंप घेऊन दुसऱ्या मशीनवर चढवा आणि आजचा दिवस तेवढा तासातासाला आणा. मेटाबेसला जो युजर द्याल त्याला फक्त वाचायचा हक्क, बाकी काही नाही.

आणि पाचवं, हे माझ्या अंगावर आलेलं. मेटाबेस स्वतःचे डॅशबोर्ड, युजर, पासवर्ड जिथं ठेवतं तो सुरुवातीला एचटू नावाचा एक फाईलमधला डेटाबेस असतो, फक्त चाखून बघायला दिलेला. मी काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी डॉकरमध्ये मेटाबेस लावलं, तीन महिने राबून डॅशबोर्ड केले, मग नवीन आवृत्ती आली म्हणून ऐटीत जुना कंटेनर काढून टाकला आणि नवा चालू केला, तर समोर पहिल्या दिवसासारखं स्वागताचं पान, तुमचं नाव सांगा, भाषा निवडा. तो एचटू कंटेनरच्या पोटात होता आणि कंटेनर मी स्वतःच्या हाताने पुसला होता. चूक शंभर टक्के माझी, डॉक्युमेंटेशनमध्ये ठळक लिहिलेलं आहे. साहेबांना फोन करायच्या आधी मी दोन कप चहा प्यायले. तेव्हा पहिल्याच दिवशी मेटाबेसचा स्वतःचा डेटाबेस पोस्टग्रेसवर किंवा मायएसक्यूएलवर वेगळा ठेवा आणि रोज रात्री त्याचा बॅकअप घ्या.

टीव्हीचं सोपं आहे, डॅशबोर्ड फुलस्क्रीन करून रिफ्रेश दहा मिनिटांवर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपोआप टाकण्याचं बटण मात्र तयार मिळत नाही, ईमेलवर रोज सकाळी ठरलेल्या वेळी जातं. काही दिवस स्क्रीनशॉट चालू द्या. संचालक लिंक उघडतात का ते कळेलच.

प्रश्न: ताई, आमची संस्था नंदुरबार जिल्ह्यात लहान मुलांच्या पोषणावर काम करते. दहा-बारा वर्षांचा डेटा आहे, सगळा एक्सेलमध्ये, जुना श्रीलिपीत टाइप केलेला, नवा मोबाइल फॉर्ममधून येतो. आम्हाला गाव आणि तालुक्याप्रमाणे नकाशा हवाय, देणगीदार मागतात. एका स्वयंसेवकाने टॅब्लो पब्लिक सुचवलं, फुकट आहे म्हणे. वापरू का? — वाचक, शहादा

उत्तर: नका वापरू. टॅब्लो पब्लिकच्या नावातच सगळं आहे, तिथं जे प्रसिद्ध कराल ते जगजाहीर. तुमच्या शीटमध्ये मुलांची नावं, वजन, आईचं नाव असणार. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालाय, अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीला त्यात पालकांची संमती लागते, पण कायदा बाजूला ठेवला तरी एखाद्या पाड्यावर दोनच कुपोषित मुलं असतील आणि नकाशावर त्या पाड्यावर 'दोन' असा लाल ठिपका पडला तर गावात सगळ्यांना कळतं ती कोणाची. म्हणून नावाचे कॉलम डॅशबोर्डच्या डेटाबेसमध्ये जाऊच देऊ नका, आणि पाच-दहाच्या खालचे आकडे गावाऐवजी तालुक्यात मिळवून दाखवा.

टूलआधी तुमच्यासमोर दोन महिन्यांचं काम आहे, खोटं सांगत नाही. श्रीलिपी म्हणजे युनिकोड नव्हे, तिथं अक्षर दिसतं मराठी पण आत इंग्रजीच्या खुणा असतात, फॉन्ट काढला की सगळं अगम्य. ते कुठल्याही बीआय टूलमध्ये घातलं की चार्टखाली कचरा दिसणार. कन्व्हर्टरने युनिकोड करा, मग एक माणूस बसवून डोळ्याने तपासा, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

मग नावं. तुमच्याकडे एकच तालुका कागदावर अक्राणी आणि बोलण्यात धडगाव, तेव्हा तुमच्या शीटमध्ये दोन्ही असणार, शिवाय कुणी अक्कलकुवा लिहिणार कुणी अक्कलकुआ, आणि टूल बिचारं प्रत्येकाचा वेगळा बार काढणार. सहा तालुक्यांचे नऊ झालेले मी बघितलेत. ह्यावर उपाय एकच, नावावर नाही, कोडवर चालायचं. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्हा, तालुका, गावाला नंबर आहे, तो कॉलम लावून घ्या. राज्यभराचा जुना डेटा कधी जोडायची वेळ आली तर हाच नंबर वाचवेल, उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातून पालघर वेगळा निघाला तिथं तर नुसतं नाव बदलून भागत नाही, आधीचा ठाण्याचा आकडा आणि नंतरचा ठाण्याचा आकडा ही दोन वेगळी ठाणी आहेत.

नकाशाचं म्हणाल तर सुपरसेटमध्ये भारताचा तयार नकाशा आहे पण तो राज्यापर्यंत, महाराष्ट्राला आयएन-एमएच असा कोड द्यावा लागतो, तुमच्या तालुक्याला त्याचा उपयोग शून्य. मेटाबेसमध्ये तयार मिळतात जगाचे देश आणि अमेरिकेची राज्यं, पण ॲडमिनमधून स्वतःची जिओजेसन फाईल देता येते, तालुक्यांच्या सीमांची फाईल मिळवून, तिच्यात तोच सरकारी कोड घालून चढवा, चालतं. मात्र देणगीदारांच्या अहवालात वर्षातून दोनदा छापायचा नकाशा हवा असेल तर खरं सांगू का, बीआय टूलच्या भानगडीत पडू नका, क्यूजीआयएस शिका. २००२ पासून चालू असलेलं ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, सर्व्हर नको, इंटरनेट नको, आणि नकाशा काढणं हेच त्याचं काम. सातपुड्यातल्या नेटवर्कचा विचार करता तुम्हाला तेच सोयीचं पडेल.

प्रश्न: मॅडम, आम्ही पुण्यात छोट्या कारखान्यांना ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) बनवून देतो, साठेक कस्टमर आहेत. आमच्याच स्क्रीनमध्ये ग्राफ दाखवायचेत, आमच्याच लोगोखाली. मेटाबेस आत बसवलं तर लायसन्सचा लफडा होईल का? सुपरसेट बरं का? — वाचक, पुणे

उत्तर: आधी एक उलटा प्रश्न. प्रत्येक कस्टमरला ठरलेले पाच-सहा ग्राफच दाखवायचेत का? तसं असेल तर बीआय टूल आत कोंबूच नका. ग्राफ काढायची ईचार्ट्स नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे, चीनच्या बायडू कंपनीत जन्मली, आता अपाचीकडे, सुपरसेट स्वतः ग्राफ काढायला तीच वापरतं. तुमचा डेव्हलपर आठवड्यात सहा ग्राफ बसवून देईल आणि सांभाळायला वेगळा सर्व्हर राहणार नाही.

कस्टमरला स्वतः फिल्टर लावून, उलटंसुलटं करून बघायचं असेल तर सुपरसेट. लायसन्स अपाची २.०, विकलेल्या मालात वापरा, बदला, फक्त लायसन्सची आणि श्रेयाची नोंद काढू नका. आणि तुमचे साठ कस्टमर एकमेकांचा डेटा बघता कामा नयेत ह्याची सोय त्यात आहे, डॅशबोर्ड आत बसवताना तुमचा सर्व्हर एक गेस्ट टोकन (पाहुण्याचा तात्पुरता पास) काढतो आणि त्या टोकनमध्येच अट असते की ह्याला फक्त ह्या कंपनीच्या ओळी. ते टोकन नेहमी सर्व्हरवरच काढा, ब्राउझरमधल्या कोडमध्ये नाही, एवढं पोरांना बजावून सांगा.

मेटाबेसची फुकट आवृत्ती एजीपीएल ह्या लायसन्सखाली आहे. त्याला लोक उगाच घाबरतात, ऑफिसमध्ये वापरायला काहीच अडचण नाही. पण कोड बदलून नेटवर्कवरून दुसऱ्यांना वापरायला दिलात तर बदललेला कोड त्यांना द्यावा लागतो. न बदलता चार्ट आत बसवायची सोय आहे, मात्र खाली मेटाबेसची पट्टी दिसते, ती काढायची तर पैसे. तुम्हाला तुमचाच लोगो पाहिजे, म्हणजे विषय मिटला. ग्राफाना पण एप्रिल २०२१ मध्ये अपाची सोडून एजीपीएलवर गेलं, तेव्हा २०१९ चा एखादा लेख वाचून निर्णय घेऊ नका.

आणि इंटरनेटवर उघडं ठेवणार असाल तर २०२३ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या एप्रिलमध्ये सुपरसेटचं प्रकरण बाहेर आलं, सेटिंगमधली सीक्रेट की (लॉगिनवर शिक्का मारणारी गुप्त किल्ली) लोकांनी जशी आली तशीच ठेवली होती, ती सगळ्या जगाला माहीत, म्हणजे कुणीही ॲडमिन. नंतरच्या आवृत्त्या मूळ की असेल तर चालूच होत नाहीत. जुलैमध्ये मेटाबेसमध्ये त्याहून वाईट निघालं, लॉगिन न करताच सर्व्हरवर हुकूम चालवता येत होते. दोन्ही दुरुस्त झालं, पण दुरुस्ती ज्यांनी चढवली त्यांच्यासाठीच. साठ कस्टमरचा डेटा एका जागी आहे तर आवृत्ती वाढवायचा दिवस कॅलेंडरवर लिहा, आणि सुपरसेटचा कोड स्वतःच्या मनाप्रमाणे तोडूनमोडून घेऊ नका, मग वरची दुरुस्ती तुमच्या कोडात बसत नाही आणि दोन वर्षांनी तुम्ही जुन्याच आवृत्तीवर अडकलेले असता.

प्रश्न: माझं सांगलीत कापडाचं दुकान आहे, हिशोब टॅलीत. मुलगा म्हणतो मेटाबेस जोडू. जोडता येतं का? — वाचक, सांगली

उत्तर: सरळ नाही जोडता येत, टॅलीचा डेटा ह्या टूलना कळेल अशा डेटाबेसमध्ये नसतो. ओडीबीसीने किंवा एक्सएमएलने बाहेर काढून, दुसरीकडे भरून, मग जोडायचं, एवढा खटाटोप. बघणारे तुम्ही एकटेच ना? टॅलीतून एक्सेलमध्ये काढा आणि पिव्होट लावा. मुलाला हौस असेल तर करू दे, शिकेल, पण दिवाळीच्या सीझनमध्ये नको.

प्रश्न: आमच्याकडे चार वर्षं रीडॅश आहे. मागं ते बंद झालं असं ऐकलं, मग परत चालू झालं असंही ऐकलं. फुकटचं टूल मध्येच वाऱ्यावर सोडलं तर करायचं काय? दुसरीकडे जाऊ का? — वाचक, नाशिक

उत्तर: दोन्ही खरं ऐकलंत. रीडॅश २०१३ मध्ये तेल अवीवमधल्या एका कंपनीत आरिक फ्रायमोविच ह्यांनी सुरू केलं, एसक्यूएल लिहा आणि खाली चार्ट बघा, एवढंच आणि नेमकं. जून २०२० मध्ये डेटाब्रिक्सने विकत घेतलं. मग रीडॅश जी भाड्याची सेवा द्यायचं ती २०२१ च्या नोव्हेंबरअखेर बंद केली आणि ओपन सोर्स कोड नुसता पडून राहिला, दुरुस्त्या नाहीत, काही नाही. २०२३ मध्ये वापरणाऱ्यांच्यातल्याच काही जणांनी पुढाकार घेऊन ते परत हातात घेतलं आणि नवीन आवृत्ती २०२५ उजाडल्यावर आली.

ह्यात एक गंमत बघा. भाड्याची सेवा घेणाऱ्यांना ठरलेल्या तारखेला गाशा गुंडाळावा लागला. ज्यांनी स्वतःच्या मशीनवर रीडॅश बसवलं होतं, तुमच्यासारखे, त्यांचं दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच बंद पडलं नाही. वाऱ्यावर सोडलं म्हणजे नवीन काही मिळालं नाही आणि भोकं बुजली नाहीत, एवढंच. तेही वाईटच, पण आपल्या सोयीने हलायला वेळ मिळतो. पॉवर बीआय वगैरेंच्या बाबतीत तो वेळ तुम्ही नाही ठरवत, ते ठरवतात.

तुमची माणसं एसक्यूएल लिहिणारी असतील आणि तक्रार काही नसेल तर घाईने हलायचं कारण मला दिसत नाही. नवीन आवृत्तीवर या, आणि सर्व्हर ऑफिसच्या नेटवर्कच्या आत किंवा व्हीपीएनमागे ठेवा. पण तिथं नवीन माणसं आली असतील ज्यांना एसक्यूएल येत नाही, आणि प्रत्येक छोट्या आकड्यासाठी तुमच्याकडे येऊन उभी राहत असतील, तर मात्र मेटाबेस शेजारी चालू करा, रीडॅश न काढता, दोन्ही एकाच डेटाबेसला जोडलेली, आणि तीन महिने बघा लोक कुठं जातात.

हलायची वेळ आली तर क्वेरी हलतात, चार्ट नाही हलत, ते नव्याने काढावे लागतात. मी एकदा एका ठिकाणचं रीडॅश हलवलं तेव्हा तीनशेच्या वर क्वेरी होत्या, त्यातल्या गेल्या सहा महिन्यांत कुणी उघडलेल्या निघाल्या एक्केचाळीस. बाकीच्यात 'टेस्ट', 'टेस्ट २', 'टेस्ट २ नवीन फायनल'. आणि त्या एक्केचाळिसांत 'विक्री' म्हणजे काय ह्याची तीन वेगळी गणितं, एकात परत आलेला माल वजा, एकात नाही, एकात जीएसटीसकट. हलवायला चार दिवस लागले, आणि त्या तीन विक्रींपैकी खरी कुठली हे ठरवायला हिशोब विभाग आणि सेल्सवाल्यांना दीड महिना. तुमचं गणित आजच क्वेरीतून काढून डेटाबेसच्या व्ह्यूमध्ये नेऊन ठेवा, आणि त्या व्ह्यूंचं एसक्यूएल साध्या फाईलींत गिटमध्ये (फाईलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) टाका, रीडॅश राहो न राहो.